सही प्रोफेसरची

डिप्लोमा झाल्यावर मी न्हावऱ्याहून कारेगावला आलो आणि खोली घेतली. कागदावर मी मेकॅनिकल इंजिनिअर, कंपनीत मात्र ठेकेदाराचा हेल्पर. कायम करावं लागू नये म्हणून सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळायचा, गळ्यातलं कार्ड काढून घ्यायचे, मग पुन्हा नव्या नंबरचं कार्ड. वडील गावात सांगत फिरायचे, "पोरगा इंजिनिअर हाय." ते ऐकलं की मला तिथून पळून जावंसं वाटायचं.

खोलीत आम्ही दोघं. दुसरा वडगाव रासाईचा, माझ्याच वयाचा, प्रेस मशीनवर ऑपरेटर. गांजा पहिल्यांदा त्यानं आणला, पण रोजचा केला मी. धूर आत गेला की मी बोलत सुटायचो, राजकारणावर, देवावर, कशावरही. शेजारच्या खोल्यांतली पोरं ऐकायला जमायची, मला 'प्रोफेसर' म्हणायची. कार्डावरच्या नंबरापेक्षा ते नाव गोड लागलं. दीड वर्ष मी त्या नावासाठीच ओढत राहिलो. न ओढता बोलायला बसलो तर जीभ उचलायची नाही.

सुपरवायझरला सगळं ठाऊक होतं. असली पोरं डबल शिफ्टला नाही म्हणत नाहीत, असं तो माझ्यादेखत ठेकेदाराला हसत सांगायचा.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी खोलीतल्या त्या मित्राला कंपाउंडमागे घेऊन गेलो. आम्ही ओढला. तासाभरात त्याची दोन बोटं प्रेसखाली गेली. हात मध्ये आला की मशीन थांबवणारा सेन्सर पंधरा दिवस बंद होता. आम्ही दोनदा सांगूनही कुणी दुरुस्त केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये सुपरवायझरनं माझ्यापुढं एक कागद सरकवला. जखमी कामगार नशेत होता, एवढंच त्यात होतं. सेन्सरचं नावही नाही.

"सही कर," तो म्हणाला. "तू शिकलेला हायस, तुझ्या सहीला वजन हाय."

दीड वर्षात त्या कंपनीत मला पहिल्यांदा कुणी शिकलेला म्हटलं, तेही असल्या कामासाठी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी बी त्याच्यासंगं ओढला व्हता, ते लिवा," मी म्हणालो. "सेन्सर बंद व्हता, ते बी लिवा. मग करतो सही."

कंपनीवाले ते लिहिणार नव्हतेच. मी खोलीवर येऊन सगळं स्वतःच्या हातानं लिहिलं, खाली सही केली आणि कामगार खात्याच्या कार्यालयात नेऊन दिलं. त्याच आठवड्यात माझं कार्ड गेलं. चौकशीत सेन्सरचं खरं निघालं, मित्राच्या उपचाराचा भार कंपनीला उचलावा लागला. सुपरवायझरला फक्त दुसऱ्या लाइनवर हलवलं.

मी गावी परतलो, पण लिहून दिलेली कबुली माझ्याआधीच पोचली होती; गावात मी 'गंजेडी' झालो. दौंडच्या एका डॉक्टरांकडे जाऊन मी गांजा सोडला. पहिले काही आठवडे झोप नाही, भूक नाही, सारखी चिडचिड. आज वर्ष झालं, मी ट्रॅक्टर दुरुस्त करतो. ज्यांचं इंजिन मी सुरू करून देतो तेच चावी फिरवताना माझे डोळे निरखतात. लोकांना नाव एकदा चिकटवता येतं, काढायचं कुणालाच सुचत नाही.

परवा वडगाव रासाईला मित्राकडे गेलो. तो उरलेल्या बोटांनी गाईची धार काढत होता. त्या दुपारी तुला मीच ओढत नेलं, असं मी सांगितलं.

"मला बी न्हाई म्हनता आलं असतं की," तो म्हणाला आणि धार काढत राहिला.

त्यानं मला एक शिवी हासडायला हवी होती. त्याच्या त्या समजूतदारपणाचाही मला रागच आला.