दार्सैतचं फुकटचं टेबल

दुःख घेऊन आलेल्या माणसाचे किस्से करू नयेत, असं आमचे नाडकर्णी काका म्हणायचे. आणि दोन मिनिटांनी खुर्ची पुढे ओढून स्वतःच सुरू व्हायचे! पण काय करणार? माणूस दमलेला असला की बोलण्याच्या ओघात असं काही बोलून जातो, की ते तुमच्या डोक्यातून हलत नाही. असं एकेक करत साचत जातं. मग मस्कत सुटलं तरी ते सुटत नाही.

आधी टेबल कसलं ते सांगते. तेलाचे भाव कोसळले आणि मस्कतमध्ये पगार रखडायला लागले. इथला पगार थांबला तरी तिकडे चिपळूणच्या, मिरजेच्या घराचा हप्ता थोडाच थांबतो? हप्ते चुकले की बँकेचे फोन, मग नोटिसा, मग जप्तीची भाषा. अशा लोकांसाठी मस्कतच्याच दार्सैत भागात एका हॉलमध्ये मोफत सल्ला सुरू झाला. खर्च भारत सरकारच्या निधीतून, राबायचं आम्ही. बँकेशी बोलायचं, मुदत वाढवून घ्यायची, घर वाचवायचं.

आम्ही तिघं. नाडकर्णी काका म्हणजे एका कंपनीतून निवृत्त झालेले अकाउंटंट. सलीमभाई रत्नागिरीचे, इथे रुवीच्या बाजारात कापडाचं दुकान. आणि मी. लग्नाआधी पुण्यात बँकेच्या होम लोन विभागात होते, तेवढंच माझं भांडवल. दर शुक्रवारी सकाळी बसायचो. मस्कतला शुक्रवारची सुट्टी, पण भारतात बँका चालू! सुट्टीच्या दिवशी इतके फोन मी जन्मात केले नव्हते.

*

पहिले काही शुक्रवार कोणी फिरकलंच नाही. बाहेर मोठा बोर्ड लावलेला : 'मोफत'. एक एसी मेकॅनिक आत डोकावला. "फी किती?"

"काही नाही," मी म्हटलं.

"म्हणजे नंतर?"

"नंतरही नाही. सरकार देतं."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मीच त्याचं घर लिहून घ्यायला बसलेय! "बघतो," म्हणाला आणि गेला तो गेलाच.

सलीमभाई म्हणाले, "ताई, चुकतंय आपलं. सरकारी काम असं हसत हसत 'या, बसा' म्हणून होतं काय? लोकांना खरं कसं वाटेल?"

पुढच्या शुक्रवारी त्यांनी टोकनं वाटली. बाहेर बाकं टाकली. पहिल्या माणसाला आम्ही तिघं रिकामे असताना अर्धा तास बसवून ठेवलं!

दुपारपर्यंत रांग रस्त्यापर्यंत गेली.

*

आमच्याकडे स्वतःचं काम घेऊन कोणीच येत नसे. सगळ्यांचा एक मित्र असायचा. "मित्राचं जरा मॅटर आहे," अशीच सुरुवात.

एक सुपरवायझर आला, इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. म्हणाला, "मित्राचे हप्ते थकलेत. पनवेलला फ्लॅट आहे त्याचा."

काकांनी मान खाली घालूनच विचारलं, "मित्राचा पॅन नंबर?"

याने धडाधड पाठ म्हणून दाखवला.

"जन्मतारीख?"

तीही सांगितली.

"मित्राच्या बायकोला माहीत आहे का हे सगळं?"

तेव्हा मात्र तो किल्ली टेबलावर फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "नाही. ती तिकडे शेजारणीला सांगते, माझ्या नवऱ्याचं कसं सगळं वेळच्या वेळी असतं म्हणून."

काकांनी पेन खाली ठेवलं. "मित्राला म्हणावं, घरी सांग. बँकेचा माणूस दारात जाऊन सांगेल, त्यापेक्षा नवऱ्याने फोनवर सांगितलेलं बरं."

तो उठला. दारापर्यंत गेला, परत आला. "काका, पण मित्र विचारतोय, तिला सांगायचं कसं?"

*

तिकडच्या बँकवाल्यांना एक गोष्ट काही केल्या पटायची नाही. गल्फमधल्या माणसाकडे पैसा नाही! एकदा रत्नागिरीकडच्या एका शाखेतला साहेब माझ्यावरच घसरला. "मॅडम, ओमानला आहे ना तो? तेलाच्या देशात? आणि पैसे नाहीत म्हणता?"

मी शांतपणे समजावत होते. कंपनी बंद पडली, खोलीचं भाडं थकलंय, खोलीतले सगळे वर्गणी काढून जेवतायत. साहेब ऐकून घ्यायचा आणि परत तिथेच यायचा. "पण मॅडम, तेल..."

सलीमभाईंनी माझ्या हातातून फोन घेऊन स्पीकरवर टाकला.

"साहेब, तुमच्या गावाला समुद्र आहे ना?"

"आहे की."

"मग तुमच्या घरी रोज पापलेट असतं काय?"

मग साहेब म्हणाला, "अर्ज पाठवा."

*

बौशरहून कदम नवराबायको आले होते. दोघांचे चेहरे ओढलेले. त्यांनी बदलापूरकडे फ्लॅट बुक केलेला, सातव्या मजल्यावर. बिल्डिंग चौथ्या मजल्यावर येऊन थांबली होती आणि बिल्डर फोन उचलत नव्हता. हप्ते मात्र जोरात चालू. आणि आता कदमांची नोकरी गेली.

"घर बघितलंय का तुम्ही?" मी विचारलं.

बाईंनी मोबाइल काढला. सॅम्पल फ्लॅटचे फोटो. "हा हॉल. इथे मी दिवाण ठेवणार होते. मुलीला खिडकीकडची खोली." फोटो सरकवत ती सांगत राहिली आणि कदम जमिनीकडे बघत राहिले.

काका म्हणाले, "हप्ता थांबवायचा अर्ज करू. पण वहिनी, खोटं सांगत नाही, बँक ऐकेलच असं नाही. जप्तीपर्यंत जाऊ शकतं."

बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला.

"येऊ दे जप्तीला," ती म्हणाली. "पण त्यांना म्हणावं, येताना शिडी घेऊन या!"

कदम हसले. कितीतरी महिन्यांनी हसले असावेत, कारण बाई त्यांच्याकडे बघतच राहिली.

*

एकदा रांगेत पांढऱ्याशुभ्र, पायघोळ दिश्दाशातला एक ओमानी म्हातारा बसलेला. टोकन घेऊन! शेजारी आमचा कोल्हापूरचा एक सुतार, अंग चोरून. म्हातारा त्याचा अर्बाब निघाला, म्हणजे मालक. आम्ही घाईने त्यांना आत बोलावलं, तर म्हातारा हात हलवून म्हणाला, "नहीं, नहीं. नंबर आएगा."

नंबर आल्यावर त्यानेच आम्हाला सांगितलं, "बँक को फोन लगाओ. मैं बात करेगा."

कोल्हापूरच्या मॅनेजरला लावला, स्पीकरवर. म्हाताऱ्याने घसा खाकरला. "मैनेजर साब, मैं इसका अर्बाब. बहुत महीना मैं पगार नहीं दिया. मेरा पैसा ऊपर से नहीं आया. इसका गलती नहीं, मेरा गलती. इसका घर नहीं लेना."

सुतार भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. इतक्या वर्षांत कोणत्याही मालकाला असं बोलताना आम्ही ऐकलं नव्हतं.

मॅनेजरही हलला असावा. आवाज खाली आणून म्हणाला, "ठीक आहे साहेब. आप पगार कब देंगे?"

"इन्शाल्ला, जल्दी."

"वो ठीक है, पण मला सिस्टीममध्ये तारीख टाकावी लागते."

म्हाताऱ्याने वर बोट केलं, जणू मॅनेजरला ते दिसणार होतं. "तारीख अल्ला के पास."

पलीकडे कीबोर्ड खडखडला.

"मग मी आपली एकतीस मार्च टाकतो!"

*

सुरेखाताई मिरजेच्या. अझैबाला एका भारतीय कुटुंबातल्या आजारी आजींना सांभाळायच्या. त्या कुटुंबाचीच नोकरी गेली, ते मस्कत सोडून निघाले आणि नवं काम मिळेपर्यंत सुरेखाताईंचा पगार थांबला. हप्ते चुकायला लागले तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. ताठ बसायच्या, पदर घट्ट ओढून.

घर नवऱ्याने कर्ज काढून बांधलेलं. वास्तुशांत झाली आणि वर्षाच्या आत तो हार्ट अटॅकने गेला. मुलगी चौथीत. बँकेत जाऊन यांनी सांगितलं, तर काउंटरवरचा म्हणाला, हप्ता भरत राहा, नाहीतर घर जाईल. म्हणून मुलीला भावाकडे ठेवून या मस्कतला आल्या. आता मुलगी नववीत होती. एवढ्या वर्षांत फक्त एकदा भेट झालेली. "मला बघून भावजयीच्या मागे लपली होती," एवढंच एकदा म्हणाल्या.

काकांची एक सवय होती. प्रत्येक बँकेला ते विचारायचेच, कर्जावर विमा होता का? यांच्या बँकेतल्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, "हो सर, आहे की. कर्ज देतानाच काढलाय, मिस्टरांच्या नावे. पण क्लेम कोणी केलेलाच नाही."

काकांनी मग काही महिने त्या बँकेचा आणि विमा कंपनीचा पिच्छा पुरवला. शुक्रवार सोडून इतर दिवशीही, घरून, स्वतःच्या फोनवरून. आणि एका शुक्रवारी सुरेखाताई समोर बसलेल्या असतानाच बँकेचा फोन आला. काकांनी स्पीकरवर टाकला. क्लेम मंजूर! कर्ज मिटलं, भरलेले हप्तेही परत मिळणार.

सलीमभाईंनी टाळी वाजवली. मी उठून ताईंचा हात धरला. काका तर लहान मुलासारखे हसत होते. "ताई, कळलं का? घर तुमचं! मिस्टर गेले त्याच दिवशी कर्ज फिटल्यात जमा होतं!"

सुरेखाताईंनी मान हलवली. मग माझ्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला.

"म्हणजे मी इथे आलेच नसते," त्या म्हणाल्या, "तरी चाललं असतं?"

टेबलावरचा फोन चालूच होता.

"हॅलो सर," पलीकडची मुलगी विचारत होती, "आणखी काही मदत हवी आहे का?"