नानांनी कर्ज फेडलं तेव्हा

आमच्या पिंपरीच्या वर्कशॉपात लेथखाली लोखंडाचा कीस साचायचा आणि ऑफिसात नानांच्या गोष्टी. कीस भंगारवाला न्यायचा. गोष्टी माझ्याकडे राहिल्या, कारण हिशेब लिहायला मीच होतो!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नाना मालक, आम्ही अकरा माणसं. एका मोठ्या कंपनीला यंत्रात बसणारे बुश नावाचे सुटे भाग पुरवायचो. ते निघायचे कांबळे मिस्त्रींच्या हातून, आणि मिस्त्री तीन वर्षं एकच मागत होते, नवं लेथ. जुनं थरथरायचं, माल रिजेक्ट व्हायचा आणि बोलणी मिस्त्री खायचे.

एकदा त्यांनी नानांना चहाला थेट मशीनपाशीच बोलावलं. काचेचा ग्लास लेथवर ठेवला आणि मशीन चालू केलं. ग्लास सरकत सरकत कडेला गेला, पडला, फुटला. नानांनी पायानं काचा बाजूला सारल्या. मग मला म्हणाले, "उद्यापासून स्टीलचे ग्लास आण."

*

त्या वर्षी पैसा बरा उरला. नानांनी तो बँकेत मुदत ठेवीत टाकला. त्याच बँकेचं कर्ज आमच्या डोक्यावर होतं! ठेवीवर मिळतं त्याहून जास्त व्याज आपण कर्जावर भरतोय, असं मी परोपरीनं सांगितलं. ठेव मोडली की लक्ष्मी रुसते, म्हणाले. तीन महिन्यांनी एका सकाळी त्यांचं त्यांनाच उमगलं. तडक बँकेत जाऊन मॅनेजरवर डाफरले, "आमचेच पैसे आम्हालाच व्याजानं देता होय?"

मॅनेजरनं बिचाऱ्यानं चहा मागवला.

*

ठेव मोडणार म्हटल्यावर सल्ल्यांची रीघ लागली. आमचे वॉचमन बबनराव चाकणजवळच्या निघोज्याचे. "नाना, आमच्याकडं जमीन घ्या की. सस्तात हाय."

नानांना हसू आवरेना. "निघोज्यात? तिकडं कोण मरायला जातंय!"

हल्ली चाकणच्या बाजूला गेलो की मी खिडकीबाहेर बघतच नाही, राव.

मिस्त्री म्हणाले, लेथ घ्या. पण नानांचं ठरलं होतं, आधी कर्ज. सगळी ठेव त्यातच गेली, लेथला छदाम उरला नाही. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र भिंतीवर लावायला नानांनी फ्रेमसुद्धा सांगून ठेवली.

*

मग खंडेनवमी आली. मशिनींना हार घातले. मिस्त्री पूजा करत नसत, पण आपलं लेथ पुसून लखलखीत ठेवायचे. नानांनी बँकेचं पत्र पूजेच्या ताटात ठेवलं. मिस्त्रींनी शेजारी एक पाकीट ठेवलं. नानांचा चष्मा कपाळावर. तेही बँकेचंच समजून त्यांनी पाकिटाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि मग उघडलं.

राजीनामा! मिस्त्रींना दुसऱ्या कंपनीत जागा मिळाली होती.

मला तर रडूच यायला लागलं. नानांनी कागद दोनदा वाचला. मग ताटातलं बँकेचं पत्र उचललं, पालथं केलं आणि मिस्त्रींपुढे धरलं.

"लिहा मिस्त्री, कसलं लेथ पाहिजे ते."

"आणि पैसे?"

"बँक आहे की."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली आणि पानभर लिहिलं.

आठवड्यानं फ्रेमवाला आला. नानांनी पत्र फ्रेममध्ये घालून भिंतीवर टांगलं. पालथंच.