बीपी चालू आहे

पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना सगळे 'बीपीवाल्या मॅडम' म्हणतात. 'मानसिक आरोग्य' लिहिलेल्या टेबलाकडे कुणी फिरकत नाही, म्हणून त्या आधी बीपी मोजतात. दंडाला पट्टा बांधला की माणूस उठून जात नाही. मग त्या काट्याकडे बघतच विचारतात, "झोप लागती का, दादा?"

ऊसतोडीला टोळ्या निघण्याआधी आमच्या शाळेत आरोग्य शिबिर झालं. बाई तिथंही पट्टा घेऊन बसल्या. पट्टा बांधलेला एक तोडकरी हळूच म्हणाला, "मॅडम, दोन दिस झालं दारू सोडली. हात लई कापत्यात. भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसत्यात."

तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांनी बाईंना फोटोसाठी हाक मारली.

"साहेब, बीपी चालू आहे. बोलू नका."

जनजागृतीवर पाऊण तास बोललेले पाहुणे गप्प झाले. पट्ट्यातली हवा केव्हाच गेली होती. काटा शून्यावर होता. बाई ऐकत होत्या. फोटो त्यांच्याशिवाय निघाला.

"एकदम सोडली की असं होतं. जिवावर बेतेल. आजच भरती व्हा."

"टोळी उद्या निघती की!"

"चार दिवसांनी गाठा."

त्यानं टोळीच्या मुकादमाला फोन लावायला घेतला. बोटं थरथरत होती. नंबर बाईंनीच लावून दिला.