बाटलीवाल्याचं वजन

माझ्या भाऊजींना शर्यतीच्या मैदानावर सगळे ‘बाटलीवाले’ म्हणत. नवख्याला भलताच संशय यायचा, आणि हा गृहस्थ तर चहासुद्धा अर्धा कप पिणारा. त्यांच्या बाटल्या नायट्रस ऑक्साइडच्या. चालकाने बटण दाबलं की हा गॅस इंजिनात शिरतो आणि गाडी उसळी मारते. भाऊजी त्या बाटल्या घरीच भरत, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. मला हा उद्योग कधीच पटला नाही, पण मेहुण्याचं ऐकतो कोण?

गॅसचं मोठं नळकांडं साखळीने उलटं टांगलेलं, दोन्ही खिडक्या सताड उघड्या, आणि भरायची बाटली आदल्या दिवसापासून जुन्या फ्रीजमध्ये गारठत ठेवलेली. गॅस किती गेला ते वजनावरूनच कळतं, आणि वजन करायची भाऊजींची खास पद्धत होती. बाटली छातीशी धरायची आणि बाथरूममधल्या वजनकाट्यावर स्वतःच उभं राहायचं. रिकामी बाटली सात किलो, गॅस साडेचार, भाऊजी बहात्तर. काटा साडेत्र्याऐंशीवर गेला की बास. आधी नुसतं उभं राहून बघायची त्यांना गरजच वाटत नसे. "लग्नात बहात्तर, आजही बहात्तर," असं माझ्या सुटलेल्या पोटाकडे बघत सांगायचे. बावीस वर्षं हे गणित चुकलं नाही.

गाडी चालवते माझी भाची, त्यांची एकुलती एक मुलगी. तिला बापाने भरलेल्या बाटलीशिवाय दुसरी चालत नसे. यंदाच्या मोसमात एकदा ती उन्हात उभ्या गाडीत बसली असताना मागे बाटलीची चकती फुटली. झडपेवर एक पातळ चकती असते; आतला दाब हद्दीबाहेर गेला की ती फुटून गॅसला वाट देते, नाहीतर बाटलीच फुटायची. पोरगी पांढऱ्या धुरातून खोकत, धडपडत बाहेर आली. भाऊजींनी चकती बदलली. पुढच्या खेपेला नवीही फुटली. मग त्यांनी झडपेला नावं ठेवली, उन्हाला ठेवली, चकती विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

शेवटी भाची म्हणाली, "बाबा, बाटली ठेवा खाली. नुसते उभे राहा बघू."

काटा सत्तरवर थांबला. म्हणजे बाटलीत दोन किलो गॅस जास्त जात होता.

"काटा बिघडलाय," भाऊजी म्हणाले.

मग मी चढलो. चौऱ्याऐंशी. परवाच डॉक्टरकडे भरलं होतं तेवढंच. स्वतःचं वजन खरं निघाल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. ताई, माझी बहीण, दारात उभी होती. "पट्ट्याला नवं भोक पाडलंत, तेव्हाच मी विचारलं होतं," ती म्हणाली.

दोन किलोंचं काय एवढं, असं मीच म्हणालो. आठवड्याने ते साडेअडुसष्ट भरले. ताईने हाताला धरून तपासणीला नेलं. पोटात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. औषधं देऊन बघू, डॉक्टर म्हणाले. दर आठवड्याला वजन मात्र कळवा.

दवाखान्यातल्या काट्यावर भाऊजी चढेनात. "मी काय बटाट्याचं पोतं आहे?" पण घरी बाटलीसाठी निमूट उभे राहायचे. मी शहाणपणा करून नुसती बाटली तोलायचा चांगला काटा आणला, तर ताई खेकसलीच माझ्यावर. "परत ने तो. बाटली आहे म्हणून ते वजन करू देतात. तेवढं तरी मला कळू दे."

दर शनिवारी आधी भाऊजी एकटे, मग बाटलीसकट. ताई भिंतीवर पेन्सिलीने त्यांचा आकडा लिहायची. सदुसष्ट, पासष्ट, बासष्ट. बाटल्या अगदी अचूक भरल्या जात, एकही चकती फुटली नाही. मला त्या अचूकपणाचाच संताप यायचा.

शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांना बाटली उचलवेना. दोनदा वाकले आणि भिंतीला टेकले. मी त्यांना खुर्चीत बसवलं. भाचीने बाटली छातीशी धरली आणि काट्यावर पाय ठेवला.

"थांब," भाऊजी म्हणाले. "आधी एकटी उभी राहा. पाठ असलेल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही."

ती एकटी उभी राहिली. छप्पन्न. मग बाटली घेऊन. भाऊजींनी पुढे झुकून, डोळे बारीक करून आकडा वाचला. "साडेसदुसष्ट. बास, भरली."

ताईने पेन्सिल उचलली. "आणि तुमचं?"

"माझं आता कशाला?" ते सुटल्यासारखे हसले. "बेरजेत मी नाहीच."

ताई पेन्सिल भिंतीला टेकवून तशीच उभी राहिली. जन्मभर या माणसाची टिंगल केलेला मी, पोरीदेखत मान खाली घालून रडलो.