सतरा नंबरचा दगड

नागपूरच्या बाहेर मोकळ्या जमिनीवर चुना टाकलेला दिसला की बघणारा एकच अर्थ काढतो: ले-आउट पडला, आता प्लॉट विकणार. आमचं नंदनवन भागातलं घरही एके काळी चुन्याची एक चौकट होतं. त्यामुळे हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. तरीही मी त्या वावरात चुना टाकला.

मी मिहानमधल्या एका गोदामात काम करते. आलेला माल मोजायचा, नंबर द्यायचा, जागा ठरवायची, नोंद करायची. घरीही माझी फ्रिजवर एक यादी आणि पर्समध्ये एक असते. शाळेत मला भूगोल शिकवणारे सर आता ऐंशीच्या घरात आहेत. ते यावरून मला चिडवतात, आणि काम असलं की मलाच फोन करतात.

सरांचा जन्मभराचा नाद म्हणजे शिळावर्तुळं. आमच्या विदर्भात ती पुष्कळ आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपल्या मेलेल्यांभोवती काळे दगड गोल मांडून ठेवले, ते अजून तसेच पडून आहेत. काही दगडांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले असतात, ओळीने. ते कशासाठी, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. काटोल रोडपासून आत, एका पडीक वावरात सरांना असंच एक रिंगण दिसलं होतं. त्याची कुठेच नोंद नव्हती. पण आता गुडघे साथ देईनात.

"इतक्या किराण्याच्या याद्या केल्यास, एक माझ्यासाठी कर," ते म्हणाले.

वावर एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. त्यांचा मुलगा बुटीबोरीला कारखान्यात कामाला आहे आणि तिकडेच राहतो. सरांनी त्याला फोन करून विचारलं. त्याने खुशाल जा म्हटलं.

मी एका रविवारी टेप, होकायंत्र, वही आणि चुन्याची पिशवी घेऊन गेले. खडू दगडावर नको, रंग तर मुळीच नको, म्हणून प्रत्येक दगडाच्या बुडाशी चुन्याची कड आखली आणि बाजूला जमिनीवर नंबर टाकला. गोदामात पॅलेटभोवती आखतो तसाच. एकूण सव्वीस दगड. प्रत्येकाची उंची, शेजारच्या दोघांपासूनचं अंतर, सपाट बाजू कोणत्या दिशेला, सगळं लिहिलं. खळगे फक्त सतरा नंबरवर होते, दोन ओळींत मिळून चौदा. दुपारी दोनपर्यंत काम आटोपलं आणि मी फार खूश होऊन घरी आले.

पुढच्या रविवारी सरांना गाडीत घालून दाखवायला नेलं. सोळा होता, अठरा होता, मध्ये उकरलेला खड्डा होता. सर सोळा नंबरवर बसले.

"बाकीचे आहेत गं," ते म्हणाले, "पण कोरलेला तेवढा एकच होता."

मी खड्ड्याकडे आणि वहीकडे आळीपाळीने बघत राहिले. माझ्या चुन्यामुळेच तो कोणाच्या तरी नजरेत आला, एवढं मला कळलं होतं. तेवढ्यात वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून एक बाई आल्या. पदर खोचलेला, हातात विळा.

"काहून वं बाई, माह्या वावरात नंबर टाकून राहिली तू? किती प्लॉट पाडले?"

मी सांगायला लागले, पण त्यांना ऐकायचं नव्हतं. चुना पाहिला त्या दिवसापासून त्यांनी मुलाचा फोन घेतला नव्हता. आपल्याला न विचारता पोराने वावर विकलं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी तिथूनच त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सरांना हो म्हटलं, पण आईला सांगायचं राहून गेलं, असं तो चाचरत म्हणाला.

"दगड मोजाले बाई येऊन राहिली, इतकं सांगाले तुले तोंड नव्हतं का रे?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "जेवला का?"

तो काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही, कारण त्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन कानाला लावला होता. तो परत देताना त्यांचा चेहरा निवळलेला होता. मी भीतभीतच दगडाचं विचारलं.

"माह्या आंगणात हाय. प्लॉटवाल्याईले बाकीचे नेऊ दे म्हटलं, हा नाही देत."

त्यांची सासू दरवर्षी नवी ज्वारी घरात आली की त्या दगडाच्या एकेका खळग्यात एकेक दाणा ठेवायची. सासू गेल्यापासून त्या ठेवतात. म्हणून शेजारच्यांचा ट्रॅक्टर आणून, सबलीने उकरून, त्यांनी दगड घरी नेला होता. सरांनी त्यांना हात जोडले.

दगड परत जागेवर नेऊ या म्हटल्यावर बाई लगेच तयार झाल्या. वावर जात नव्हतं, मग दगड घरात कशाला. त्याच दिवशी संध्याकाळच्या आत शेजारच्या दोघांनी तो ट्रॉलीतून आणला. माझ्या वहीत सगळं होतं: सोळापासूनचं अंतर, अठरापासूनचं अंतर, सपाट बाजू उगवतीकडे. चुन्याची कडही एका बाजूला शिल्लक होती. दगड तिच्याशी बरोबर जुळला.

"तुझ्या चुन्यानं गेला अन् चुन्यानंच आला," सर म्हणाले. पुढच्या वेळी चुना नाही, नंबराच्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधायच्या, हे मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. जमिनीच्या माणसाला स्वतः भेटून विचारायचं, हे त्याच्या वर लिहिलं.

जाण्यापूर्वी बाईंनी घरून ज्वारीचे मोजके दाणे आणले. हंगाम नव्हता, पण दगड हलवला म्हणून. त्या न बघता, नुसत्या बोटाने चाचपत दाणे ठेवत गेल्या. मी सवयीने मोजत होते. चौदा झाले तरी त्यांच्या हातात एक दाणा उरला होता. त्यांनी बोट दगडाच्या कडेखाली नेलं, मातीच्या अगदी लगत, आणि तो तिथे टेकवला. मी गुडघ्यावर बसून पाहिलं. तिथे एक खळगा होता, इतका उथळ की माझी नजर त्यावरून सरळ निघून गेली होती.

"हा कसा दिसला तुम्हाला मावशी?"

"दिसत नाही वं. सासूनं माह्या बोटाले दाखवला होता."

मी वहीत चौदा खोडून पंधरा केले. सरांनी वही मागून घेतली आणि शेजारच्या रिकाम्या रकान्यात, नोंद कोणी दिली त्या जागी, आपल्या अक्षरात लिहिलं: वावराच्या मालकीणबाई, आणि त्यांच्या सासूबाई.