तिघींनी हात मागं घेतले

पोरीचा हात पेजेत गेला तवा स्वयंपाकघरात तिघी बाया होत्या. तिघी तिच्याजवळ. मी लांब, मागच्या पडवीत, कावळा शिवून बसलेली. मी ओरडले, "धरा तिला, धरा." तिघींनी हात मागं घेतले.

मागं. मी माझ्या डोळ्यानं बघितलं.

पोर अकरा महिन्यांची. नुकती रांगाया लागलेली. भात गाळून काढलेली पेज परातीत भुईवर होती, वाफा निघत होत्या. पोरीच्या अंगात सुती झबलं, बाया सोवळ्यात. झबल्याला हात लागला की सोवळं मोडलं. परत न्हाणं आलं, पंक्तीला उशीर आला. म्हणून एकजण दाराकडं तोंड करून हाका मारत होती, "अगं कुणीतरी या गं, पोर उचला." कुणीतरी. पोर तिच्या पायापासून वितीवर. ती माझी जाऊ.

मी पळाले. उंबरा वलांडला, चुलीपासून गेले, पोर उचलली. मनगटापर्यंत हात लालभडक. तिनं श्वास धरलेला, रडं फुटंना. मला वाटलं गेली. मंग फुटलं.

अन् मंग त्या तिघी ओरडल्या. पोरीपायी न्हाई. "शिवलीस. सगळ्या स्वयंपाकाला शिवलीस."

त्या दिवशी आमच्या सभेचा स्थापनेचा दिवस होता. आमचे लोक बामणच, पण मूळचे कानडी मुलखातले. निजामाच्या कचेरीत कारकुनी मिळाली म्हणून तीन पिढ्यांमागं केजला आले. इथल्या बामणांनी त्यांना पंक्तीला घेतलं न्हाई. देवळाच्या जेवणावळीत वसरीवर, जोड्यांजवळ पानं मांडली. आमचे म्हातारे भरल्या पानावरून उठले अन् त्यांनी आपली सभा काढली. मंग सभेचं घर झालं. पोरांना वेद शिकवाया शाळा झाली, परगावच्या पोरांच्या जेवणाची सोय झाली, कुळांची वही झाली. हे सगळं एका जाड वहीत लिहून ठेवलंय. दरसाल त्या दिवशी अध्यक्षकाका ते मोठ्यानं वाचतात. काका म्हणजे कचेरीतले जुने पेशकार, अख्खी सभा त्यांच्या शब्दावर चालती. वसरीची गोष्ट आली की त्यांचा गळा भरून येतो. पुरुष उपरण्यानं डोळे पुसतात.

मी आत पोर उचलली तवा बाहेर तेच वाचन चाललं होतं. "माणसाला माणसाजवळ बसू न देणे, याहून मोठा अपमान नाही." मला नीट ऐकू आलं. पोरगी किंचाळत होती अन् मला नीट ऐकू आलं.

माझं माहेर नांदूरघाट. बाप भिक्षुक, शेजार सगळा कुणब्यांचा, बोलणं त्यांचंच लागलं. बापानं तिसऱ्या पुस्तकापर्यंत शिकवलं, पुढं लगीन. आमचे हे सभेचं लिखाण करतात. म्हणून सभेच्या घरामागची खोली आमाला राहाया दिलेली.

बाहेर बसले की तीन दिवस पोर जावेकडं. पाजायची वेळ झाली की जाऊ झबलं उतरवायची, पोर नागडी करून भुईवर सोडायची, मंग मी घ्यायची. नागड्या लेकराला विटाळ लागत न्हाई. पाजून झालं की मी भुईवर सोडायची, ती उचलायची. मला त्यात कधी काही वाटलं न्हाई. आईनं तसंच केलं, आजीनं तसंच केलं. त्या दिवशी जाऊ सोवळ्यात. पोर माजघरात एका म्हातारीपाशी सोडलेली. म्हातारीला डुलकी लागली. पोर मला हुडकत रांगत आली असंल. आली चुलीकडं.

वाचन थांबलं. अध्यक्षकाका दारात आले. मागं सगळे पुरुष. उठताना काकांनी वही आमच्या ह्यांच्या हातात दिलेली.

काका म्हणाले, "पोर खाली ठेव."

मला वाटलं हात बघायचाय. मी म्हणाले, "भाजलीय काका. बघा की."

"दिसतंय. आधी खाली ठेव. तू पडवीत जा. कुणीतरी उचलेल."

कुणीतरी. परत तेच.

पोर छातीला चिकटलेली. माझं दूध आपोआप गळत होतं, चोळी भिजली होती. एवढ्या पुरुषांपुढं. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे वहीकडं बघत होते. वहीत बोट घालून ठेवलं होतं. कुठवर वाचून झालं ते चुकू नये म्हणून.

मी लई भ्याले होते. पण पोर खाली ठेववंना. हातच सुटंनात.

काका म्हणाले, "प्रायश्चित्ताशिवाय तुला घरात घेणार नाही. पंचगव्य घ्यावं लागेल. पंक्तीपुढं आडवं पडून चूक कबूल करावी लागेल. नाहीतर या पोरीचं नाव कुळांच्या वहीतून काढू."

ती वही मी वाचली होती. हे दुपारी झोपले की चोरून, बोट ठेवून, एकेक अक्षर लावून. बाप, त्याची पोरं, त्या पोरांची पोरं. एक बाई न्हाई त्यात. माझी सासू न्हाई, जी ह्याच चुलीपुढं धुरानं आंधळी होऊन मेली. एक लेक न्हाई. जशी काय ही सगळी कुळं झाडाच्या ढोलीतून निघाली.

भ्यालेल्या माणसाला हसू येतं का? मला आलं. मी म्हणाले, "काका, काढाया आधी लिव्हलेलं लागतं."

जाऊ पुटपुटली, "तोंड बघा. कुणब्याची कुठली."

"कुणबीण असती तर तिनं पोर उचलली असती, जाऊबाई."

अन् मी पुढच्या दारानं निघाले. पुरुषांमधून. मला शिवू नये म्हणून ते भराभरा बाजूला झाले. एवढी मोठी सभा, वेदशाळेची, पेशकारांची, अन् भिजल्या चोळीला भिऊन भिंतीला चिकटली.

बाजारात वाण्याचं दुकान हाय, लिंगायताचं. वाणीणबाई दारात ज्वारी पाखडत होती. तिनं पोरीचा हात बघितला अन् सूप टाकून उठली. मी मागं सरले. म्हणाले, "मला शिवू नका, मी बाहेरची हाय." भाजलेली पोर कडेवर अन् मी हे बोलती. एवढं माझ्यात मुरलेलं होतं. त्या तिघींना काय नावं ठेवू.

ती म्हणाली, "आमच्यात विटाळ मानत न्हाईत बाई. गळ्यात लिंग हाय, तिथं कसला विटाळ? अन् मानत असतो तरी लेकरू पेजेत सोडलं असतं व्हय? आण इकडं."

तिनं पोर घेतली. झबल्यासकट. कोरफडीचा गर लावला, फुंकर घातली. मला चुलीपाशी बसवलं, तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या पिठाच्या परातीशेजारी. मी बघत राहिले. आता काहीतरी व्हईल. तिनं तव्यावर भाकर टाकली. फुगली.

तिसऱ्या दिवशी हे आले. दुकानाच्या पायरीखाली उभे राहून म्हणाले, "घे की पंचगव्य. घोटभर तर असतं."

"घोटाचं काही न्हाई. चूक कुणाची तेवढं सांगा, मंग पिते."

ते आकाशाकडं बघाया लागले.

मी प्याले न्हाई, सभेची खोली गेली. आता आमी वाण्याच्या दुकानामागं राहातो. हे अजून सभेत जातात लिहाया. पोरीची दोन बोटं चिकटून भरली. परवा ह्यांनी ती जाड वही नक्कल कराया घरी आणली, मी उघडून बघितली. त्या वर्षाचं लिव्हलंय: "एका स्त्रीच्या स्पर्शामुळे सोवळे मोडले. पंक्ती उशिरा बसली." संपलं. पोर न्हाई, पेज न्हाई, तिघी न्हाईत. अक्षर ह्यांचं.

थू. लई मोठी माणसं. वसरीवरचा अपमान लोणच्यासारखा मुरवून ठेवलाय. वर्षातून एकदा बरणीच्या तोंडाचा दादरा सोडायचा, वास घ्यायचा, डोळे पुसायचे, परत बांधून ठेवायचा. दुसऱ्याच्या पानात वाढायला त्यांच्याकडं तेवढंच हाय.

मी आता बाजूला बसत न्हाई. महिना आला तरी चूल माझी, पोर माझी. हे आधी दोन दिवस उपाशी राहिले. मंग जेवले. पोरीला मी अक्षर शिकवणार, त्याच हातानं, चिकटल्या बोटांनी. येत्या सालच्या दिवशी काका वसरीची गोष्ट वाचतील, गळा भरून येईल, तवा मी पोर घेऊन मधोमध उभी राहणार. तिचा हात वर धरणार. म्हणणार, हे पण वाचा. हाकलतील. हाकलू द्या. शिवल्याबगर हाकलता येत न्हाई.

आता तुमी सांगा. हे वाचणाऱ्या बाया असाल, बाप्ये असाल. तुमी सोवळ्यात. पंक्ती खोळंबलेली. पोर वितीवर, हात परातीकडं निघालेला. तुमचा हात पुढं आला असता, का मागं गेला असता?