सुपारी कारखान्यातली कॅसेट

ती केस आठवली की निवृत्तीनंतरही माझे कान गरम होतात.

रंगीत टीव्ही नुकते कुठे आले होते. लकडगंजातल्या एका सुगंधी सुपारीच्या कारखान्यातून केशराच्या डब्या नाहीशा होत होत्या. मालकाने परदेशातून व्हिडिओ कॅमेरा आणवला आणि बायका सुपारी कातरत बसत त्या खोलीत, त्यांना न सांगता, बसवला. आठवड्याने त्याचा ठाण्यात फोन आला: चोर सापडली.

कॅसेटमध्ये एक बाई पोत्यांमागे जाते, पाठ फिरवते, चोळीत हात घालते, वाकते, पदर सारखा करून परत येते. रोज दोनदा. मला वाटलं, तपास संपला. पंचनामा करून कॅसेट जप्त केली आणि व्हीसीआर मागवून सगळ्या स्टाफला दाखवली. विज्ञान कुठे पोचलं ते पोरांना कळावं, हा उदात्त हेतू. रिवाइंड करण्याचा मान मी स्वतःकडे ठेवला होता.

मग तिला आणलं. तीन तास विचारपूस केली. "काही नाही चोरलं जी," यापुढे ती बोलेना. गप्प बसतो तो गुन्हेगार, हे माझं तेव्हाचं शास्त्र. झडतीसाठी महिला शिपाई बोलावली. ती आत गेली तशीच बाहेर आली.

"साहेब, तिची चोळी भिजली. दोन महिन्यांचं लेकरू आहे घरी. हे विचारलं नाही काय तुम्ही?"

नव्हतं विचारलं. कारखान्यातून मधे घरी सोडत नसत. दूध दाटून आलं की ती पोत्यांमागे जाऊन पिळून टाकायची.

मी तिला घरी जायला सांगितलं. दारात ती थांबली.

"साहेब, तो पिक्चर किती लोकायनं पाहिला जी?"

"मी आणि शेठजींनी. बस."

तिने हवालदारापासून रायटरपर्यंत एकेकाकडे पाहिलं.

"मंग हे सारे खाली काहून पाहून राहिले?"

केशराचं कपाट कॅमेऱ्याच्या पाठीमागे होतं. त्याची किल्ली कोणाकडे असते, हे मी दुसऱ्या दिवशी विचारलं. मालकाच्या पुतण्याकडे. दहा मिनिटांत त्याने कबुली दिली.

तेव्हापासून कोणी पुरावा आणून दिला की मी आधी विचारायचो, हा कोणी आणि कोणाकडे तोंड करून गोळा केला. आणि पाहण्याआधी खोली रिकामी करायचो. हे शहाणपण मला फुकट मिळालं. किंमत तिने मोजली.

खटला निकाली निघाल्यावर मालकाने मुद्देमाल परत मागितला. कागदोपत्री कॅसेट त्याचीच होती. पावतीवर त्याची सही घेऊन मी ती दिली. ती बाई त्या कारखान्यात परत गेली नाही. कॅसेट गेली.